मागाहून आखलेली रेषा: शोकांतिका म्हणजे नेमकं काय?

नाशिकला पाहुणे आले की पंचवटीचा फेरा ठरलेला असतो: काळाराम, सीतागुंफा, रामकुंड आणि मग तपोवन. तपोवनात भाविकांना लक्ष्मणरेषेची जागाही दाखवली जाते. लोक हात जोडतात, फोटो काढतात आणि परतीच्या रिक्षात कुणीतरी म्हणतंच, "सीतेनं रेषा ओलांडली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं."

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात ही रेषा नाही. तिथे लक्ष्मण सीतेला वनदेवतांच्या हवाली करतो आणि निघतो. जमिनीवर तो काहीही आखत नाही. रेषा पुढच्या शतकांत, लोककथांतून आणि प्रादेशिक रामायणांतून आली. फरक लहान वाटतो, पण रेषा नसलेली कथा शोकांतिका आहे आणि रेषा असलेली कथा एका बाईच्या चुकीची गोष्ट आहे. शोकांतिका म्हणजे काय हे कळायला आधी हा बदल नीट पाहावा लागतो.

रेषा बाजूला ठेवून तो दिवस पाहू. शूर्पणखेचे नाक-कान आधीच कापले गेले आहेत, खर-दूषण मारले गेले आहेत आणि रावण सूडासाठी मारीचाकडे गेला आहे. मारीचानं रामाचा बाण पूर्वी सोसलेला आहे, म्हणून तो रावणाला परोपरीनं समजावतो. रावण म्हणतो, नाही म्हणशील तर मीच मारीन. दोन्हीकडे मरण दिसल्यावर मारीच रामाच्या हातचं मरण पत्करतो आणि सोन्याचा मृग होतो. सीतेला तो मृग हवासा वाटतो. वनवासात इतकी वर्षं काही न मागितलेल्या माणसाचं हे मागणं. लक्ष्मणाला संशय येतो आणि तो बोलूनही दाखवतो, की हा मारीच असेल. राम म्हणतो, मृग असेल तर आणू आणि मारीच असेल तर मारायलाच हवा. तर्कात खोट नाही. मरताना मारीच रामाच्या आवाजात हाक मारतो. ती ऐकून सीता लक्ष्मणाला जायला सांगते. तो हलत नाही तेव्हा ती फार कठोर बोलते, कारण नवरा संकटात आहे अशी तिची खात्री झालेली आहे. लक्ष्मणाला एकतर रामाची आज्ञा मोडावी लागेल किंवा सीतेचा तो आरोप अंगावर घ्यावा लागेल. तो जातो. मग संन्याशाच्या वेषात रावण येतो आणि सीता अतिथी म्हणून त्याचं स्वागत करते, कारण दारी आलेल्या संन्याशाला परत पाठवणं तिच्या धर्मात बसत नाही.

या साखळीतली कोणतीही कडी वेगळी काढून तपासा. रावण सोडला तर कुणी दुष्टपणानं वागलेलं नाही. मूर्खपणानंही नाही. रामाचं पत्नीवरचं प्रेम, सीतेची पतीसाठीची काळजी, लक्ष्मणाचा स्वाभिमान, अतिथीधर्म, या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. रावणाचा डाव याच गोष्टींवर उभा आहे. सीता बेफिकीर असती तर हाक ऐकून ती हलली नसती, आणि डाव तिथेच फसला असता.

शोकांतिकेचं हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण: माणूस पडतो तो बहुतेक वेळा त्याच्या गुणाच्याच बाजूनं.

बाण कुठे चुकतो

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलनं ग्रीक नाटकं समोर ठेवून शोकांतिकेची चिरफाड केली. त्यानं सहा घटक सांगितले: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यांत कथानकाला त्यानं पहिला मान दिला. दुःख माणसात नसतं, घटना एकमेकींना कशा जोडल्या जातात त्यात असतं, असा त्याचा रोख होता.

त्याच्या मते नायक अगदी संत नको, कारण संताचा नाश पाहून फक्त चीड येते. दुष्टही नको, कारण दुष्टाचा नाश पाहून बरंच वाटतं. आपल्यासारखा, थोडा सरस माणूस हवा, आणि त्याच्या हातून 'हमार्तिया' घडायला हवी. या शब्दाचं भाषांतर पुष्कळदा 'स्वभावदोष' असं केलं जातं आणि तिथेच घोळ होतो. मूळ शब्द तिरंदाजीशी जोडलेला आहे. नेम धरला, बाण सुटला, पण लक्ष्य हुकलं, एवढाच त्याचा अर्थ. नेम धरणारा वाईट होता असं त्यात अभिप्रेत नाही. बऱ्याचदा लक्ष्य कुठे आहे याची माहितीच अपुरी असते.

दुसरा भाग म्हणजे कलाटणी. नुसतं नशीब फिरलं की कलाटणी होत नाही. एका हेतूनं केलेली कृती नेमका उलटा परिणाम घडवते तेव्हा ती होते. अॅरिस्टॉटलचं उदाहरण ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाचं आहे. आपल्या हातून बाप मरेल आणि आईशी लग्न होईल, या भाकिताला तो घाबरलेला असतो. निरोप्या त्याची भीती घालवायला एक बातमी सांगतो, आणि त्या बातमीमुळेच ईडिपसला आपण कोण आहोत हे कळायला लागतं. तिसरा भाग ओळख पटण्याचा. आपण काय करून बसलो हे माणसाला कळतं, पण कळून उपयोग होण्याची वेळ गेलेली असते. ओळख आणि कलाटणी एकाच क्षणी आली तर परिणाम सर्वांत खोल, असं त्यानं नोंदवलं. प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती दाटून येऊन त्यांचा निचरा होतो, तो चौथा भाग. त्या निचऱ्याचा नेमका अर्थ काय यावर अजून वाद चालतो. इथे त्यात शिरत नाही.

नाशिकच्या वाचकाला याचं मराठी उदाहरण लांब शोधायला नको. याच शहरात राहून लिहिणाऱ्या वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 मध्ये रंगभूमीवर आलं. निवृत्त झालेले अप्पासाहेब बेलवलकर आपलं सगळं मुलांना वाटून टाकतात आणि मग मुलांच्याच घरांत परके होतात. 'म्हाताऱ्यानं आधीच सगळं द्यायला नको होतं', हा या नाटकावरचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत उथळ शेरा आहे. हा माणूस आयुष्यभर रंगमंचावर स्वतःला हातचं न राखता देत आला. तेच त्याचं मोठेपण होतं. घरातही तो तसाच देतो. अर्धं राखून ठेवणारा बेलवलकर शहाणा ठरला असता, पण तो नटसम्राट झाला नसता. 'द्यायला नको होतं' ही पुन्हा तीच मागाहून आखलेली रेषा आहे.

मराठीत यासाठी 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' असे दोन शब्द वापरले जातात. पहिला शेवटाकडे बोट दाखवतो, दुसरा गाभ्याकडे. दुसरा अधिक अचूक आहे, पण बोलण्यात पहिलाच रुळला आहे, म्हणून इथे तोच ठेवला आहे.

बागेतली शोकांतिका

नाटकाबाहेर हीच रचना कशी दिसते ते पाहायला निफाड, दिंडोरी किंवा बागलाणातली द्राक्षबाग पुरेशी आहे. वेलीच्या वर्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या घडांची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिच्यातून माल येतो. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी तोड सुरू होते.

आता निर्णयाची जागा. सगळ्यांनी ऑक्टोबरात छाटलं तर सगळ्यांचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम निघतो आणि भाव पडतो. त्यात याच महिन्यांत गारपिटीची भीती. म्हणून अनुभवी शेतकरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'अर्ली' छाटणी घेतो. बाजारात माल कमी असताना त्याची द्राक्षं पोचतात आणि दर चांगला मिळतो. हिशेब चोख आहे. पण अर्ली छाटणीची बाग नेमकी परतीच्या पावसात फुलोऱ्यावर येते. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज होते. पानांवर, घडांवर काही तास ओल टिकली की डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो. दोन फवारण्यांच्या मधे पाऊस आला तर औषध धुऊन जातं, आणि चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. उशिरा छाटणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. मण्यात साखर भरली असताना अवकाळी पाऊस आला तर मणी पाणी ओढतो, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि मणी तडकतो. तडकलेला एक मणी आख्खा घड नासवतो.

म्हणजे लवकर छाटणाऱ्याकडे कारण होतं आणि उशिरा छाटणाऱ्याकडेही होतं. ज्या वर्षी पाऊस ऑक्टोबरात येतो त्या वर्षी पहिला 'हावरट' ठरतो. ज्या वर्षी मार्चमध्ये गारा पडतात त्या वर्षी दुसरा 'आळशी' ठरतो. बाग तीच, माणसं तीच, फक्त पाऊस कधी पडला त्यावरून स्वभावाचं प्रमाणपत्र मिळतं. सर्वांत जास्त नुकसान पुष्कळदा सर्वांत जीव ओतणाऱ्याचं होतं. त्यानं विरळणीला जास्त मजूर लावले, औषधात कसूर केली नाही आणि त्यासाठी कर्ज उचललं. खर्च कमी करणाऱ्याचा तोटाही कमी.

सगळंच दुःख शोकांतिका नसतं

इथे उलट बाजूनं सावध व्हायला हवं. वर्तमानपत्रं प्रत्येक मृत्यूला शोकांतिका म्हणतात आणि त्या शब्दाआड कुणाची तरी जबाबदारी लपते.

27 ऑगस्ट 2003 रोजी, कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या पंचवटीतल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. गर्दीचं शास्त्र यावर स्पष्ट बोलतं. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर प्रत्येकजण आपल्या पायानं चालतो. पाच-सहाच्या पुढे गेलं की गर्दी पाण्यासारखी वाहते, कुणाचे पाय कुणाच्या ताब्यात राहत नाहीत. अशा गर्दीत बहुतेक माणसं पायाखाली तुडवून मरत नाहीत, चारी बाजूंच्या दाबानं छाती फुलत नाही म्हणून उभ्या उभ्या गुदमरतात. मागच्याला पुढे काय चाललं आहे हे दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. उतार, वळण, बॅरिकेडनं अरुंद झालेलं तोंड आणि समोरासमोर येणारे दोन लोंढे असले की धोका वाढतो. हे सगळं आधी मोजता येतं. येण्याची आणि परतीची वाट वेगळी ठेवता येते. 2015 च्या सिंहस्थात नाशिकच्या तिन्ही शाही पर्वण्या अशा दुर्घटनेविना पार पडल्या. जे टाळता येतं ते घडलं तर त्याला नशीब म्हणू नये. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणून हे आत्ताच बोललं पाहिजे.

पण एकच घटना दोन जागांवरून दोन वेगळ्या जातींची असू शकते. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी, झडपा आणि देखभाल यांच्या बाजूनं पाहिलं तर ही चौकशीची, जबाबदारी ठरवण्याची गोष्ट आहे. आता त्या दिवसांतल्या नातेवाइकांच्या जागेवरून पाहा. ऑक्सिजनचा बेड मिळत नव्हता. ज्यांनी रात्रभर फोन करून, हातापाया पडून तो मिळवला, त्यांच्या मायेनंच आपल्या माणसाला त्या खाटेपर्यंत पोचवलं. त्यांच्यासाठी ही शब्दशः शोकांतिका आहे. म्हणून यंत्रणेला 'नशीब होतं' म्हणू देऊ नये आणि नातेवाइकाला 'तुझी चूक झाली' म्हणू नये. व्यवहारात आपण बरोबर उलटं करतो.

पश्चातबुद्धी कशी काम करते

असं का होतं यावर बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं 1975 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 1814 च्या सुमाराच्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाची माहिती त्यानं लोकांना वाचायला दिली आणि चार संभाव्य शेवट मांडले. काहींना शेवट सांगितला नाही. बाकीच्यांना चारांपैकी एक शेवट 'खरा' म्हणून सांगितला, प्रत्येक गटाला वेगळा. मग विचारलं, शेवट ठाऊक नसता तर प्रत्येक शक्यता किती वाटली असती? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून दिसत होता असं वाटलं. सांगितलेल्या माहितीनं आपला अंदाज फिरवला, हे त्यांना जाणवलंही नाही.

लक्ष्मणरेषा मनात अशीच आखली जाते. शेवट कळला की मागच्या शेकडो क्षणांतला एक क्षण ठळक होतो आणि तिथे खूण केली जाते: इथे पाऊल टाकायला नको होतं. त्या दिवशी मात्र तो क्षण इतर क्षणांसारखाच साधा होता.

शेजारीपाजारी हे करतात यामागे क्रौर्य कमी आणि भीती जास्त असते. त्याची चूक सापडली तर ती न करणारा मी सुरक्षित. म्हणून दुःखवट्याच्या घरी पहिले प्रश्न तेच येतात: हेल्मेट होतं का, दवाखान्यात कधी नेलं, त्या डॉक्टरकडे का नेलं. विचारणाऱ्याला धीर येतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर एक रेषा उमटते.

स्वतःला किंवा जवळच्या माणसाला या चक्रातून काढायचं असेल तर एक पद्धत बरी चालते. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'त्या दिवशी ठाऊक होतं' आणि उजवीकडे 'नंतर कळलं'. तारीख आणि वेळ घालून एकेक गोष्ट योग्य रकान्यात लिहा. छातीत दुखतंय असं आई म्हणाली, रात्री नऊ: डावीकडे. तो हृदयविकार होता: उजवीकडे. जेवण जड झालं होतं: डावीकडे. दोष फक्त डाव्या रकान्यावरून ठरवायचा. गफलत नेहमी एकाच ठिकाणी होते, उजवीकडची गोष्ट हळूच डावीकडे सरकते ("मला आतून कळलंच होतं"). तसं वाटलं तर त्या वेळी तुम्ही काय केलं ते पाहा. खरंच कळलं असतं तर तुम्ही झोपला नसता. कधी डाव्या रकान्यात खरी चूक सापडतेही. ती सापडली तर तिच्या मापाची कबुली द्यावी, तिच्यावर सगळा मृत्यू लादू नये.

हा कागद पहिल्या आठवड्यात कुणापुढे धरू नये. तेव्हा सोबत बसणं, जेवण पोचवणं, बँकेची आणि दाखल्यांची कामं उरकणं जास्त मोलाचं. आठवड्यांमागून आठवडे झोप आणि अन्न तुटलं असेल, किंवा जगून काय करायचं अशी भाषा ऐकू आली, तर कागदाचा नाद सोडून 14416 या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर बोलावं आणि त्या माणसाला एकटं सोडू नये. नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या घरी, त्यातही वसुलीच्या दिवसांत, हे विशेष लक्षात ठेवावं.

आशा तुटलेलं दुःख

आपल्या परंपरेत शोकांतिका नाही असं सर्रास म्हटलं जातं. संस्कृत नाटक फलप्राप्तीकडे जातं, शेवट गोड करतं, हे बहुतांशी खरं आहे. भासाच्या नावावरचं 'ऊरुभंग' हा ठळक अपवाद, त्यात दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर होतो. पण दुःखाची बारकाईनं पारख आपल्याकडेही होती. नाट्यशास्त्र विरहाचं दुःख आणि करुण रस यांत एक रेघ ओढतं. विरहात भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती तुटलेली असते. बाहेरून अश्रू तेच, आतली घडण वेगळी. परदेशी गेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या आईला 'येईल' म्हणता येतं. गेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या आईला दिलेला धीर याच फरकामुळे पोकळ वाटतो. तिथे आशा दाखवणं म्हणजे एका दुःखाचं औषध दुसऱ्याला देणं.

मग जिथे आशाच नाही तिथे काय करायचं? रामकुंडावर सकाळी गेलं तर एक उत्तर रोज पाहायला मिळतं. दहाव्या दिवसाच्या विधीत पिंड मांडतात आणि कावळ्यानं शिवण्याची वाट पाहतात. ज्या घरांत ही रीत आहे तिथे कावळा शिवला नाही की घरचे एकेक करून पुढे होतात आणि मोठ्यानं बोलतात. "मुलीचं शिक्षण पुरं करू." "आईला मी सांभाळेन." "भावाशी बोलणं पुन्हा सुरू करतो." एरवी वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी इथे चारचौघांत बोलल्या जातात, कधी कधी ज्यांच्याशी भांडण त्यांच्याच समोर. ऐकणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. तिथे 'तेव्हा असं करायला हवं होतं' असं सहसा कुणी म्हणत नाही. सगळी वाक्यं पुढच्या काळातली असतात.

कावळा मग कधी येतो, कधी येत नाही. ऊन चढतं, मुलं कंटाळतात, गोदावरीच्या घाटावर पुढचं कुटुंब जागेची वाट पाहत उभं असतं. तेव्हा गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला टेकवतात, आणि माणसं आंघोळीला उठतात.